काही दिवस इथे नसेन : एका नव्या लेखनप्रकाराविषयी

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत एक नवा लेखनप्रकार रूढ झाला आहे. त्याला अजून नाव मिळालेले नाही, त्याचा संग्रह कोणी काढलेला नाही आणि कोणत्याही विद्यापीठाने तो अभ्यासक्रमाला लावलेला नाही. लेखक किंवा कवी आपल्या फेसबुकच्या भिंतीवर पाच-सात ओळी लिहितो. आपण काही दिवस इथे नसणार, वातावरण गढूळ झाले आहे, थोडी विश्रांती हवी आहे, काही वैयक्तिक कारणेही आहेत, सर्वांवर प्रेम आहे, पुन्हा भेटूच. खाली शे-दीडशे माणसे हळहळतात. कोणी लवकर परत या म्हणते, कोणी काळजी घ्या म्हणते. आठवड्याभरात तोच लेखक एखाद्या ताज्या घटनेवर लिहायला हजर होतो, नाहीतर कायमचाच दिसेनासा होतो.

हा मजकूर आम्ही साहित्य म्हणून वाचायला घेतला आहे. लेखकाचे लिहिणे ही जशी वाङ्मयीन कृती असते, तसे त्याचे लिहिणे थांबवणे हीसुद्धा असते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपल्या लेखकांपुढे छापायला जागा नाही हा प्रश्न होता. आज जागा आहे, ती खिशात आहे आणि फुकट आहे. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, सोलापूर-सांगलीकडच्या आपल्या नव्या पिढीने पहिली कविता मासिकाकडे न पाठवता थेट फोनवर टाकली आहे. ज्या जागेवर आपले इतके लेखन उभे आहे, तिथून लेखक उठून जातो तेव्हा तो का गेला, किती दिवसांसाठी गेला आणि तिकडे जाऊन काय करतो, हे विचारणे समीक्षेचे काम आहे.

आता या मजकुराची घडण पाहू. त्यातली पहिली खोट कर्त्याची आहे. वातावरण गढूळ झाले आहे असे वाक्य येते, पण ते कोणी केले याचा पत्ता नसतो. दुसरी खोट मुदतीची. ‘काही दिवस’ हा शब्दप्रयोग इतका सैल असतो की त्यात आठवडाही बसतो आणि आयुष्यही बसते. तिसरी खोट कामाची. इथून उठून लेखक कोणत्या कामाला बसणार आहे, हे सहसा सांगितलेले नसते. मजकूर नम्र असतो, प्रेमळ असतो, आणि वाचून झाल्यावर वाचकाच्या हाती काहीच उरत नाही.

ही खोट शैलीची असती तर आम्ही इतकी शाई खर्च केली नसती. तिच्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शब्दांत झाकल्या जात आहेत. एक थकवा आहे आणि दुसरी भीती आहे.

थकव्याचे आधी बोलू. फेसबुकवर ‘लाईक’चे बटण २००९ साली आले. मुशायऱ्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला दाद म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. पण मुशायऱ्यातली दाद शेर पुरा झाल्यावर येते, ती देणारा समोर बसलेला असतो, आणि त्याच मैफिलीत एखादा उस्ताद मान न हलवता बसलेला असतो. त्या न हललेल्या मानेने कित्येक शायर घडवले. लाईकच्या दादीत ही मान दिसतच नाही. ज्याला आवडले नाही तो पुढे सरकून जातो आणि कवीला वाटते सगळी मैफल आपली. मग चार ओळींची कविता दोन ओळींवर येते, कारण दोन ओळींना दाद लवकर मिळते. कथेला धीर लागतो, म्हणून कथा लिहिलीच जात नाही. ज्या समाजाचे जगणे मराठीत अजून पुरते कथेत आले नाही, त्या समाजाच्या लेखकांनी कथा सोडून सुविचारांकडे वळावे, हे आपल्याला परवडणारे नाही. अशा थकलेल्या लेखकाने रजा घ्यावी. आम्ही तर म्हणू, हक्काने घ्यावी.

भीतीची कहाणी वेगळी आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, अशा अर्थाचा मजकूर पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला लाईक दिले. दोघींना अटक झाली. तिच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या कायद्याच्या आधाराने अशा अटका होत होत्या, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. म्हणजे मधली जवळजवळ अडीच वर्षे ते कलम आपल्या डोक्यावर होतेच. जून २०२३ मध्ये काही पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून कोल्हापूर पेटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी सरकारने इंटरनेट बंद केले, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला सक्तीची रजा मिळाली. आणि घटना कुठेही घडो, संध्याकाळपर्यंत आपल्या लेखकाला विचारणा सुरू होते की तुमचा निषेध अजून कसा आला नाही? निषेध केला तर उशिरा का केला? या प्रश्नांची हजेरी रोज द्यावी लागणारा माणूस एके दिवशी ‘काही वैयक्तिक कारणे’ असे लिहून निघून जातो. त्याच्या आणि कंटाळलेल्या कवीच्या मजकुरात एका शब्दाचाही फरक नसतो. थकवा आणि भीती एकाच पोशाखात वावरू लागली की वाचक भीतीलाही थकवाच समजतो आणि ‘आराम करा’ म्हणून पुढे जातो. या लेखनप्रकाराचा खरा दोष हा आहे.

मग जाण्याची चांगली रीत कोणती? तिचे माप शोधायला आम्हाला फार लांब जावे लागले नाही. पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात पेण आणि रोहा हे दोन तालुके जवळजवळ आहेत. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुख जन्मले. जन्म रायगड किल्ल्याजवळच्या नात्याचा, पण घराणे रोह्याचे आणि ओळखही रोह्याचीच. एक पवनारच्या आश्रमात बसलेला, दुसरा रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचा अर्थमंत्री. एकाला १९५८ चा आणि दुसऱ्याला १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की दोघेही एकेकदा गजबजलेल्या जागेवरून जाणूनबुजून बाजूला झाले. त्यांच्या काळी समाजमाध्यमे नव्हती, पण सार्वजनिक बोलणे होते, आणि ते बोलणे थांबवण्याचे परिणामही होते.

विनोबांचे आधी पाहू. मुस्लिम वाचकाला ते परके वाटू नयेत. त्यांनी अरबी शिकून कुरआन मुळातून वाचले आणि त्यातल्या निवडक आयतींचा विषयवार संग्रह १९६२ साली ‘कुरान-सार’ म्हणून दिला. १९५१ पासून भूदानासाठी ते वर्षानुवर्षे पायी फिरले आणि गावोगाव बोलले. अशा माणसाने २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्षाचे मौन घेतले. या मौनाची मुदत ठरलेली होती. त्यामागे साधना हे कारण होते आणि ते कोणापासून लपवलेले नव्हते. आमच्या मापाने पाहता हा नमुना अगदी निर्दोष वाटावा.

पण २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. मौन अर्ध्यावर होते. जयप्रकाशांसह हजारो लोक तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, आणि देश पवनारकडे पाहू लागला. तिथून बाहेर आले ते दोन शब्द, ‘अनुशासन पर्व’. सरकारने ते उचलले आणि देशभर झळकवले. आणीबाणीला संतांचा आशीर्वाद असल्याचा अर्थ त्यातून काढला गेला. २५ डिसेंबर १९७५ ला मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन हे आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. खुलासा विचारांचा होता. पण दोन शब्द पोचले होते तिथवर तो कधीच पोचला नाही.

आजच्या भाषेत सांगायचे तर संदर्भ कापलेला दोन शब्दांचा मजकूर फॉरवर्ड झाला आणि तो ज्याचा होता तो दुरुस्त करायला जागेवर नव्हता. विनोबांच्या हेतूविषयी आम्हाला शंका घ्यायची नाही. त्यांच्या मौनाचे मोल कमी लेखायचे नाही. तरीही आमचे मत असे आहे की मौनाला मुदत असावी तशी एक खिडकीही असावी. घराला आग लागली तर मौन मोडता येईल अशी सोय व्रतातच ठेवावी लागते. ती नसली की आपले मौन दुसऱ्याच्या हाती लागते आणि तो त्याचा हवा तसा अर्थ लावतो. त्याच डिसेंबरात कराडला मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीच्या विरोधात बोलल्या आणि आजारी जयप्रकाशांसाठी त्यांनी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. मौनाचे मोल चुकवावे लागते तसे बोलण्याचेही चुकवावे लागते. फरक इतकाच की बोलण्याचे मोल बोलणाऱ्याकडून वसूल होते, आणि मौनाचे पुष्कळदा दुसऱ्यांकडून.

ज्या गांधींना विनोबांनी गुरू मानले, त्यांच्या व्रतात ही खिडकी होती. गांधीजी सोमवारी बोलत नसत. २ जून १९४७ हा सोमवार होता. फाळणीच्या योजनेसंबंधी व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची भेट त्याच दिवशी ठरली. गांधीजी गेले आणि जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने उत्तरे लिहून देत राहिले. तोंडाचे व्रत पाळले गेले आणि भेटही टळली नाही.

आता रोह्याकडे वळू. चिंतामणराव १९५० पासून अर्थमंत्री होते आणि १९५२ ची लोकसभा निवडणूक त्यांनी कुलाब्यातून जिंकली होती. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. चिंतामणरावांनी राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभे राहून तो का दिला हे सांगितले. निर्णय ज्या पद्धतीने झाला तिच्यावर आणि पोलिसांच्या वागण्यावर त्यांनी बोट ठेवले. पंतप्रधान समोर बसलेले असताना हे बोलले गेले. त्यात ‘काही वैयक्तिक कारणे’ नव्हती. राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे एक जागा सोडली आणि दुसरीकडे काम उभे केले. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या यशात एकट्या राजीनाम्याचा वाटा किती, हा हिशेब इतिहासकारांनी करावा. आम्हाला त्यातली वाक्यरचना महत्त्वाची वाटते. त्यात कर्ता होता, कर्म होते आणि कारण होते.

दोघांना शेजारी ठेवले की माप तयार होते. गागोद्याच्या मौनाकडून मुदत घ्यावी आणि रोह्याच्या राजीनाम्याकडून कारण व काम घ्यावे. आणि विनोबांच्या त्या दोन शब्दांनी जे शिकवले ते घ्यावे, की निघताना दार उघडे ठेवावे.

हे सगळे आपल्याला नवीन नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एतेकाफला बसणारा माणूस जगापासून बाजूला होतो. त्याची जागा ठरलेली असते, काम ठरलेले असते, आणि ईदचा चंद्र दिसला की तो घरी येतो. कोणी त्याला पळपुटा म्हणत नाही, कारण तो कुठे गेला आणि कधी येणार हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक असते. वस्तीतला एक जण बसला तरी तो सगळ्यांच्या वतीने बसलेला असतो, ही समजूत आम्हाला फार मोलाची वाटते. इमाम गझाली १०९५ साली बगदादच्या निजामिया मदरशातली मानाची जागा सोडून निघून गेले. दमास्कस, जेरुसलेम, हज असा त्यांचा प्रवास झाला, आणि ११०६ साली ते निशापूरला पुन्हा शिकवायला बसले. या अवधीतले त्यांचे काम म्हणजे ‘इह्या उलूमिद्दीन’. त्या ग्रंथात एकांतवासावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि गझालींनी त्यात एकांताचे फायदे सांगून झाल्यावर तोटेही तितक्याच काळजीने मांडले आहेत. त्या तोट्यांत शिकणे आणि शिकवणे बंद पडते हा एक तोटा आहे. म्हणजे ज्याच्याकडे लोकांना देण्यासारखे काही आहे, त्याने जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा. नऊशे वर्षांपूर्वीच्या या तराजूत आजचा फोन ठेवून पाहावा.

आणि अगदी नव्या काळातला पुरावाही याच तराजूच्या बाजूने बोलतो. २०१८ साली अमेरिकेत निवडणुकीच्या आधी अर्थशास्त्रज्ञांनी एक मोठा प्रयोग केला. काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्याचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या लोकांचे दिवसाला सरासरी तासभर वाचले. ते घरच्यांत, मित्रांत अधिक बसले, त्यांचे समाधान थोडे वाढले, राजकीय कडवटपणा कमी झाला. पण बातम्यांविषयीची त्यांची माहितीही कमी झाली. दोन्ही पारडी अशी समोर आहेत. माहिती नसण्याची चैन ज्याला परवडते त्याने ती करावी. आपल्या गावात काय शिजते आहे हे ज्याला वेळेत कळलेच पाहिजे, त्याला ती परवडत नाही.

हे ‘परवडणे’ सर्वांना सारखे नसते, ही गोष्ट रजेची जाहिरात करणारे विसरतात. पेण-रोह्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या मोहल्ल्यांत असंख्य घरांतले कोणी ना कोणी आखातात आहे. नवरा दुबईला, मुलगा कुवेतला. त्या घरातल्या बाईसाठी व्हॉट्सअ‍ॅप हे समाजमाध्यम नाही, तो घराचा उंबरठा आहे. मय्यतीची खबर, जनाज्याची वेळ, रक्ताची गरज, रुग्णालयातला पत्ता, सगळे त्यावरच येते. शहरातल्या लेखकाने ‘फोन फेकून द्या’ म्हणणे सोपे आहे. दुसरे असे की आपल्या समाजातल्या कितीतरी मुलींना वाचक पहिल्यांदा मिळाला तो फोनवरच. ज्यांना संमेलनाला जायची मुभा नव्हती, ज्यांचे नाव कार्यक्रमपत्रिकेत कधी छापून आले नसते, त्यांच्या कविता लोकांनी वाचल्या. अशा मुलीने घरच्यांच्या किंवा ट्रोलांच्या दबावाने खाते बंद केले तर त्याला विश्रांती म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. तिला गप्प केले गेले, असेच म्हटले पाहिजे.

उलट बाजूही मांडली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आलेली खबर पडताळून पाहा, नाहीतर अज्ञानाने लोकांचे नुकसान कराल आणि पस्तावाल, ही ताकीद आपल्याला सूरह हुजुरातमध्ये केव्हाच मिळालेली आहे. पण मोहल्ल्याच्या ग्रुपवर ती किती पाळली जाते हे प्रत्येकाने मनाशी तपासावे. शेजाऱ्याविषयी आलेला विखारी मजकूर आपण नाही पाठवत, पण आपल्या बाजूचा असत्य मजकूर मात्र न तपासता पुढे ढकलतो. या सवयीपासूनही रजा घ्यायला हवी. ती घ्यायला खाते बंद करावे लागत नाही, अंगठा आवरावा लागतो.

सगळ्यांनी मिळून रजा घेण्याचा एक प्रयोग आपल्याच राज्यात झाला आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ मध्ये गावाने ठरवले की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, आणि त्यानंतर दीड तास घराघरांत टीव्ही आणि मोबाईल बंद राहील. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी बोलावे. दीड तास संपला की दुसरा भोंगा. इफ्तारच्या भोंग्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना ही रीत लगेच उमजेल. यात एकट्याच्या निग्रहावर भार नाही. सगळे एकाच वेळी बाजूला होतात, म्हणून आपल्यामागे काय चालले असेल ही हुरहूर उरत नाही. वेळ ठरलेली आहे, काम ठरलेले आहे. आणि घरात कोणी अत्यवस्थ असेल तर फोन लावायला कोण अडवणार? आमच्या मापाला उतरणारी ही रजा एका ग्रामसभेने लिहिली, लेखकाने नव्हे, याची लेखकांनी नोंद घ्यावी.

आता अवघड प्रश्न. ज्याला खरोखर भीती आहे त्याने कारण लिहावे तरी कसे? कारण लिहिणे हेच धोक्याचे असेल तर? याचे उत्तर देताना आम्हाला तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन आठवतात. २०१० च्या त्यांच्या ‘मादोरुबागन’ या कादंबरीवरून तिरुचेंगोड्यात गदारोळ झाला, प्रशासनाच्या बैठकीत त्यांना माघार घ्यायला लावली, आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी फेसबुकवर जाहीर केले की लेखक पेरुमाळ मुरुगन मेला. आम्ही ज्या लेखनप्रकाराविषयी बोलत आहोत त्यातला हा सर्वांत प्रखर नमुना आहे. त्यात प्रेमळ धूसरपणा नव्हता. वाचणाऱ्या प्रत्येकाला कळले की हा माणूस थकलेला नाही, याला हाकलले आहे. आणि कळले म्हणूनच इतरांना लढता आले. लेखक आणि वकील न्यायालयात गेले, जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लेखकाच्या बाजूने निर्णय दिला, आणि मुरुगन पुन्हा लिहू लागले. त्यांनीही ‘काही दिवस इथे नसेन’ असे लिहिले असते तर कोण कोणासाठी न्यायालयात गेले असते?

प्रत्येकाची छाती एवढी नसते, आणि ती असावी असा आग्रह आम्ही घरात बसून धरणार नाही. भीती कबूल करता येत नाही अशी परिस्थिती असते, विशेषतः लहान गावात, जिथे लेखक शिक्षक असतो, कारकून असतो, त्याचे दुकान असते आणि त्याची मुले त्याच गावच्या शाळेत जातात. अशा वेळी जबाबदारी त्याच्यावरून उठून आपल्यावर येते. आपण म्हणजे संपादक, संमेलनांचे आयोजक, समीक्षक आणि वाचक. एखादा लेखक धूसर शब्दांत निघून गेला तर खाली हळहळ लिहून थांबू नये. त्याला फोन करावा, त्याच्या घरी जावे, थकवा आहे की दुसरे काही हे विचारावे. दुसरे काही असेल तर त्याच्या वतीने जे बोलता येईल ते बोलावे, आणि त्याच्या लेखनाला छापील पान द्यावे. छापील पानाचे एक बरे असते, त्याच्याखाली रात्री दोन वाजता येऊन कोणी शिवी लिहू शकत नाही.

आणि जो केवळ थकला आहे त्याला आमचे सांगणे सरळ आहे. जा, पण रजेच्या अर्जात तारीख घाल आणि काम लिही. काम पुष्कळ पडले आहे. कोकणी मुसलमान बायकांची लग्नातली गाणी जुन्या माणसांबरोबर विरत चालली आहेत. ती कोणी लिहून घ्यायची? खाडीकाठच्या गावांतल्या खलाशांच्या, मुंबईच्या गोदीत राबलेल्यांच्या आणि आखाताच्या पहिल्या पिढीच्या आठवणी कोणी नोंदवायच्या? घराघरांत मोडी आणि उर्दूतले जुने कागद पडून आहेत. नुसता दिवसाला एक तास वाचला तरी वर्षाचे साडेतीनशेहून अधिक तास होतात. एवढ्यात एक कथासंग्रह लिहून होतो, एखाद्या गावचा इतिहास उभा राहतो. रजेवरून परत येणाऱ्याच्या हातात असे काही असले तर त्याच्या गैरहजेरीची तक्रार कोण करील?

बोलावे तर भले बोलावे, नाहीतर गप्प राहावे, ही शिकवण आपल्या कानांवर लहानपणापासून आहे. तिचा दुसरा भाग आपण सोयीने पाठ केला आहे. पहिला भाग अटीचा आहे आणि तो आधी येतो. म्हणून पुढच्या वेळी कोणाच्या भिंतीवर तो पाच-सात ओळींचा मजकूर दिसला, तर वाचकांनी हळहळण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. का चाललात? कधी येणार? आणि आम्हाला गरज पडली तर कुठे गाठायचे? ज्याच्याकडे उत्तरे असतील त्याला आनंदाने निरोप द्यावा. आणि ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याला एकटे जाऊ देऊ नये.